‘आधी दारू सोडा, मग घर’ हा क्रमच चुकीचा आहे

‘बेघराला थेट घर देणं म्हणजे पैसा पाण्यात. आधी व्यसन सोडवा, उपचार करा, घराचं शेवटी बघा,’ असा मजकूर सध्या फार फिरतोय. त्यातले मुद्दे बघू.

‘घर टिकवणार नाहीत.’ हे तपासून झालंय. सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विनाअट घर देण्याची पद्धत, म्हणजे ‘हाउसिंग फर्स्ट’, सुरू केली. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघरांवर तिची चाचणी घेतली. कोण घर मिळणाऱ्या गटात जाणार आणि कोण नेहमीच्या सेवांच्या गटात राहणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं, म्हणजे ‘सुधारण्याजोगी’ माणसं निवडून घेतली असं म्हणायला जागा नाही. शेवटच्या सहा महिन्यांत या पद्धतीतले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते. नेहमीच्या सेवांवरचे ३१ टक्के.

‘घरात पीत बसतील.’ अमेरिकेतल्या सिएटलमध्ये २००५ साली बेघरांसाठी उघडलेल्या एका इमारतीत खोलीत दारू प्यायला मुभा होती. तरीही रहिवाशांचं रोजचं पिणं वर्षभरात सुमारे १६ पेगांवरून ११ च्या आत आलं. मात्र घर मिळालं की व्यसन सुटतं, हेही खरं नाही. कॅनडात व्यसन आणि आजाराची लक्षणं दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली.

‘सगळं फुकट.’ नाही. भाडेकरार त्या माणसाच्या नावावर होतो आणि उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं तो स्वतः भरतो.

‘परवडणार नाही.’ कॅनडात सर्वाधिक गरज असलेल्यांवर खर्चलेल्या दर १० डॉलरमागे रुग्णालय, तुरुंग, निवारे यांचे ९.६० डॉलर वाचले. मध्यम गरज असलेल्यांमागे फक्त ३.४२. म्हणून सरसकट ‘स्वस्त पडतं’ असंही कुणी सांगू नये.

हे फसतं ते बहुतेकदा नुसती चावी देऊन मोकळं झाल्यावर. मदत करणाऱ्या पथकाची आठवड्यातून किमान एक भेट हवी. आजार गंभीर असेल तर दहा जणांमागे एक कर्मचारी. भेटी थांबल्या की भाडं थकतं, एकटेपणा खायला उठतो, रस्त्यावरचे सोबती येऊन घर बळकावतात आणि घरमालक नोटीस देतो. तसं झालं तरी पथकाने माणसाला सोडायचं नसतं. त्याच्यासाठी दुसरं घर शोधायचं, आणि या वेळी दाराची किल्ली कुणाकुणाकडे असेल हे त्याच्यासोबत बसून ठरवायचं.