देवाला विचारलंस का?

"देवाला विचारलंस का?" आमच्या नगरच्या घरात हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. गेले तीन आठवडे तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज येतोय आणि रोज माझं डोकं फिरवतोय.

माझा भाचा अनुदानित शाळेत शिक्षक आहे. वय 34, नोकरीला 11 वर्षं झाली. त्याला ती सोडून पुण्याला सेमिनरीत जायचंय, पाळक व्हायचंय. शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगार ज्यावर सुरू होतो तो क्रमांक, मिळेपर्यंत पोरानं चार वर्षं बिनपगारी शिकवलंय, आणि आता तो आयडीच सोडतो म्हणतो. मोठे काका लिहितात, देवानं वाढलेलं ताट लाथाडू नये. मावशी म्हणते, बायबलातल्या गिदोनानं रात्रभर लोकर बाहेर ठेवून दव पाहिलं, तशी तूही देवाकडे खूण माग. चुलतभावांचं म्हणणं, पाचारण आलंय तर पगाराचा विचार कशाला? मी इंग्लंडहून एकदाच लिहिलं, "जाऊ द्या त्याला. इथे लोक पन्नाशीत काम बदलतात." त्यावर काकांचं उत्तर आलं, "तुला पौंडात मिळतं, बाई. तिथून बोलणं सोपं आहे."

ते वाक्य मला लागलं. अजून लागतंय.

पण मी म्हटलं ते खोटं नव्हतं. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे गृहस्थ 52व्या वर्षी बँक सोडून सुतारकाम शिकायला गेले. "हाऊ लव्हली" म्हणून सगळे चहाकडे वळले. देवाच्या नावानं त्यांना कोणी अडवलं नाही. आपल्याकडे मात्र देवाची इच्छा नेमकी कायम नोकरीच्या बाजूनं कशी असते? ज्या मंडळीत दर रविवारी नारायण वामन टिळकांची गीतं गायली जातात, त्याच मंडळीत हे चालतं. टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. पंचावन्न उलटली होती त्यांची. त्यांची गीतं चालतात, त्यांच्यासारखं वागणारा घरातला मुलगा चालत नाही.

आणि गिदोनाची लोकर! शास्ते पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाचा. देवानं त्याला 'जा' म्हणून आधीच सांगितलं होतं. लोकर त्यानं नंतर ठेवली, आणि एकदा नाही, दोनदा. त्याला मार्ग ठाऊक होता, धीर होत नव्हता. देवानं त्या भित्र्या माणसाला समजून घेतलं ही त्याची दया. पण त्यावरून आपण नोकरी सोडायची पद्धत ठरवायची?

मार्गदर्शन कसं मिळतं, हे मी माझ्यापुरतं सांगू शकते. 2004 साली मी नर्स म्हणून इथे आले. 2020च्या एप्रिलमध्ये आमचा वॉर्ड कोविडचा झाला. मी वॉर्ड सिस्टर होते, पगाराची श्रेणी बँड सात. एका रात्री एका बस ड्रायव्हरचा शेवट जवळ आला होता. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला टॅबलेट मी त्याच्या तोंडापुढे धरला होता. पडद्यावर त्याची मुलगी, स्वयंपाकघरात उभी, मागे किटली. ती म्हणाली, कोणी प्रार्थना करेल का? चॅप्लेनला, म्हणजे हॉस्पिटलच्या पाळकाला, बोलवायला वेळ नव्हता. मास्क आणि व्हायझरच्या आत मी तोंड उघडलं आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" बाहेर आलं. मराठीतच. सोळा वर्षं इंग्रजीत काम करूनही त्या क्षणी इंग्रजी आठवलं नाही. त्या मुलीला एक अक्षर कळलं नसणार, पण शेवटी ती "आमेन" म्हणाली. तिकडे औषधाचे दोन पंप वाजत होते. मी पिशवी बाजूच्या टेबलावर ठेवली आणि पंपांकडे गेले.

पुढच्या जानेवारीत आमच्या मेथडिस्ट चर्चची कराराची उपासना झूमवर झाली. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं 1755 साली सुरू केलेली ही उपासना. तिच्यात आपण देवाला म्हणतो, तुझ्यासाठी मला कामाला लाव, नाहीतर तुझ्यासाठीच बाजूला ठेव. दरवर्षी म्हणायचे. त्या वर्षी 'बाजूला ठेव' पाशी माझा आवाज फुटेना. आकाशवाणी झाली नाही. एवढंच कळलं की त्या पिशवीपाशी मला थांबायचं होतं आणि मी पंपांकडे गेले होते. त्या सप्टेंबरमध्ये मी चॅप्लेनसीत आले, बँड पाचवर. पगार उतरला, आणि नर्सिंगचे 450 तास भरले नाहीत म्हणून पुढच्या रिव्हॅलिडेशनला, म्हणजे नूतनीकरणाला, माझा पिन, नर्स म्हणून असलेली नोंदणीच, गेला. त्याचा ईमेल मी हॉस्पिटलच्या कारपार्कमध्ये तिसऱ्या मजल्यावर गाडीत बसून वाचला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. म्हणून भाच्याच्या शालार्थ आयडीचं मोल मला कळत नाही असं कोणी म्हणू नये.

आता काकांचं. माझ्या आजोबांचे वडील महारवाड्यातून मिशनच्या शाळेत गेले. 1950च्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवलं. पुढे शिखांना आणि बौद्धांना त्या मिळाल्या, आमच्या लोकांना आजवर नाहीत. अशा घरात एक कायम नोकरी म्हणजे काय, हे काकांना माहीत आहे. गावकुसाबाहेरचं घर त्यांनी पाहिलंय. मी नोकरी बदलली तेव्हा नवऱ्याचा पगार चालू होता, मुलांची शाळा फुकट होती, आजारी पडले तर जीपी, म्हणजे इथला फुकट फॅमिली डॉक्टर, होता. माझं चुकलं असतं तर घराचा हप्ता ओढाताणीनं गेला असता, एवढंच. भाच्याचं चुकलं तर काय, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. ऑर्गनवाल्या गृहस्थांचं लिहिलं.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. माझी आई मिरजेला नर्सिंग शिकली, वानलेस डॉक्टरांनी 1894 साली उभ्या केलेल्या हॉस्पिटलात. मी नर्स झाले हा तिच्या आयुष्याचा आनंद होता. मी नर्सिंग सोडलं हे तिला कधीच सांगितलं नाही. दर रविवारी फोनवर "वॉर्ड कसा आहे गं?" विचारायची, आणि मी "बरा आहे" म्हणायचे. माझ्या निर्णयात इथे कोणी नाक खुपसलं नाही, असं मी अभिमानानं सांगत आले. खरं तर मी कोणाला खुपसू दिलं नाही. माझ्यासाठी गुडघ्यावर बसणारी माणसं होती, आणि मीच त्यांच्यापासून लपवलं.

2023मध्ये आई गेली. पहाटे उठून गोधडीवर गुडघे टेकून ती ज्या वहीतून प्रार्थना करायची, तिचे फोटो भावानं पाठवले. शाळेची दोनशे पानी वही, पट्टीनं आखलेले तीन रकाने: तारीख, विनंती, उत्तर. 2004च्या पानावर माझं इंग्लंड होतं, समोर 'हो'. 2021च्या ऑक्टोबरमध्ये लिहिलेलं होतं, "ताईच्या कामाचं. काहीतरी आहे. सांगत नाही." त्यापुढचा रकाना कोरा.

यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं अकरावं वचन आपल्याकडे प्रत्येक कॅलेंडरवर असतं, तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत म्हणून. नोकरीच्या मुलाखतीआधी ते वाचतात. पण ते पत्र बाबेलला बंदी करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्याच्या आधीच्या वचनात सत्तर वर्षं सांगितली आहेत. तिथे घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित पाहा. मी आपण होऊन आले, मला कोणी धरून आणलं नाही, तरी ते पत्र मला माझं वाटतं. त्या लोकांना परतीची तारीख हवी होती, आणि देव त्यांना बागेचं सांगत होता.

टिळकांचं नाव घेताना मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही आठवायला हव्या होत्या. 1917ला नोकरी सुटली, 1919ला टिळक गेले. संसार तिनं ओढला. आमच्या ग्रुपवर इतकं बोलणं झालं, पण भाच्याच्या बायकोला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. शनिवारी तिला फोन केला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आत्या, मी तयार आहे. माझ्या शिवणकामात घर चालेल. मुलीच्या फीचं तेवढं कळत नाही."

काल रात्री साडेअकराला, म्हणजे तिकडे पहाटेचे चार, काका उठायच्या वेळेला मी ग्रुपवर लिहिलं, "काका, मला पौंडात मिळतं हे खरं आहे. चिमणीची सेमिनरीच्या वर्षांतली फी माझ्याकडे. तुम्ही पहाटे त्याच्यासाठी बसा. आणि माझ्यासाठीही बसा, मी 2021ला नर्सिंग सोडलं. आईला सांगितलं नव्हतं."

काकांनी वाचलंय. उत्तर अजून आलेलं नाही.