आधी नदीला किती जागा लागते ते ठरवा, मग डिझाईन

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठाचा विषय निघाला की पहिलं वाक्य हेच येतं, अहमदाबादसारखा रिव्हरफ्रंट करा. मंडळी, साबरमतीला काय केलंय ते एकदा नीट बघा ना. 263 मीटरची एकसारखी रुंदी ठरवली, दोन्हीकडे भिंती बांधल्या आणि आत पाणी नर्मदा कालव्याचं. काठावरच्या हजारो झोपड्या हलवल्या आणि त्या लोकांना घरासाठी हायकोर्टात जावं लागलं.

आपली नदी तशी नाहीच. पावागढच्या डोंगरातून येते, शहरात वळणावर वळणं घेत जाते, बाजूला कोतरं (पाण्याने कापलेल्या घळी) आहेत, पुराचं पाणी आधी त्या कोतरांत पसरतं म्हणून घरांत कमी शिरतं, आणि आपण मात्र वर्षानुवर्षं त्याच कोतरांत भराव टाकून सोसायट्या उभ्या केल्या. शिवाय शेकडो मगरी याच पात्रात राहतात, मातीच्या काठात अंडी घालतात, तिथे काँक्रीट ओतल्यावर त्यांनी जायचं कुठे? खाली जिला आपली नदी मिळते ती धाधर नदी फुगलेली असली की आपलं पाणी पुढे सरकत नाही हेही प्रत्येक जुन्या बडोदेकराला माहितीय. ऑगस्ट 2024 मध्ये पातळी 35 फुटांच्या वर गेली होती.

मला राग येतो तो क्रमाचा. आधी कन्सल्टंटचं चकाचक ड्रॉइंग येतं, मग बजेट, आणि लोकांना विचारायची वेळ येते तेव्हा फक्त बाकांचा आणि लाईटचा रंग ठरायचा उरलेला असतो. मे 2021 मध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) पूरक्षेत्राची हद्द आखायला, अतिक्रमणं काढायला सांगितलंय, म्हणजे पहिलं काम कोणतं ते कोर्टानेच सांगून झालंय. ती रेषा आधी जमिनीवर आखा, वॉर्डावॉर्डात नकाशा लावा, सखल वस्तीतल्या बायकांना त्यांच्या सोयीच्या वेळी बोलवा, मग डिझाईनचं बोलू.

आणि काठ सुंदर करायला भिंतच लागते असं कुठेय? कमाटीबाग 1879 ची, नदी तिच्या मधून वाहते, पूर आला की बाग पाण्यात जाते (प्राणिसंग्रहालयातल्या जिवांचे हाल होतात, त्यांची सोय करायलाच हवी), पाणी उतरलं की परत लोक फिरायला येतात.

2024 ला तुमच्या घरात पाणी कुठवर चढलं होतं ते एरिया आणि भिंतीवरच्या खुणेची उंची टाकून कमेंटमध्ये लिहा, जुने फोटो असतील तर तेही टाका. पूररेषेच्या सुनावणीत हे सगळं एकत्र करून द्यायचंय.