जड छर्रा घेतला की गुण वाढतात? हिशेब मांडून बघू

इंदूरच्या नेमबाज मुलांच्या पालकांमध्ये एक निरोप जोरात फिरतोय: "10 मीटर एअर पिस्तुलासाठी सगळ्यात जड, सगळ्यात महाग छर्रे घ्या. आधी साबणाच्या पाण्यात धुवा, मग तेलाचा हात द्या. गुण आपोआप वाढतील." महू शेजारीच, तिथे आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे लष्कराचं नेमबाजीचं केंद्र, त्यामुळे निरोपाला महूचं नाव जोडलं की आपल्याकडे काहीही खपतं.

आधी वजन. आरडब्ल्यूएस या जर्मन कंपनीचा आर10 हा स्पर्धेचा छर्रा 0.45 आणि 0.53 ग्रॅम अशा दोन्ही वजनांत मिळतो. दोघांत जड तोच चांगला असता, तर हलका बनवायचं कारणच नव्हतं. पिस्तुलातून हलका छर्रा सेकंदाला 150 मीटरच्या आसपास वेगाने सुटतो असं धरू. 10 मीटर जाईपर्यंत तो सुमारे 22 मिलिमीटर खाली येतो. तेवढ्याच ऊर्जेने सुटलेला जड छर्रा आणखी 4 मिलिमीटर उतरेल. साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणेचे, स्क्रू दोन-चार क्लिक फिरवले की विषय संपला. "जड छर्रा वाऱ्यात हलत नाही" म्हणतात, पण बंद हॉलमध्ये वारा आहे कुठे? उलट हलका छर्रा नळीतून किंचित लवकर निघतो, म्हणजे हात हलायला तेवढा कमी वेळ.

गुण जातात ते दुसरीकडेच. लक्ष्यावरच्या 10 च्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर. छर्रा 4.5 मिलिमीटरचा आणि रेषेला स्पर्श झाला तरी वरचा गुण, म्हणजे मध्यापासून 8 मिलिमीटरपर्यंत 10 च. पुढचं प्रत्येक वर्तुळही 8 मिलिमीटरवर. पिस्तुलाच्या पुढच्या-मागच्या साइटमध्ये साधारण 320 मिलिमीटर अंतर असतं. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत 1 मिलिमीटर सरकली, तर लक्ष्यावर 31 मिलिमीटरचा फरक पडतो. जवळजवळ चार गुण! ट्रिगर झटक्याने ओढणाऱ्या मुलाला महाग छर्र्यांचा कुठला डबा वाचवणार?

मग कुठलेही छर्रे चालतील का? तसंही नाही. चपट्या डोक्याचेच घ्या. कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं, गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो. डब्यावर डोक्याचा व्यास असतो, 4.49, 4.50 असा. तुमच्या नळीला कुठला मानवतो हे किमतीवरून कळत नाही. पिस्तूल पक्क्या स्टँडमध्ये आवळा, प्रत्येक प्रकाराचे पाच-पाच छर्रे वेगवेगळ्या कागदांवर मारा आणि हे दोन-तीनदा करा. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर मोजून त्यातून 4.5 वजा करा. ज्याचा आकडा दर वेळी लहान येतो तो तुमचा. मग त्याच लॉट नंबरचे डबे एकदम घ्या, कारण त्याच नावाचा दुसरा लॉट त्याच नळीत वेगळा पडू शकतो.

धुण्याचं म्हणाल, तर कारखान्यातून आलेला हलका लेप साबणाने जातो आणि उघडं शिसं आपल्या पावसाळ्यात पांढरी पावडर धरतं. शिवाय डब्यात खळखळवून धुताना छर्र्याची मागची पातळ कड, म्हणजे स्कर्ट, चेपते. तिथून हवा गळते, छर्रा तिरका सुटतो. खाली पडलेला छर्राही याच कारणासाठी फेकायचा. डब्याच्या तळाशी शिशाचा चुरा दिसला, तर छर्रे अलगद दुसऱ्या डबीत काढा, बस्स.

तेल तर नकोच. नळीत थर कमी-जास्त होतो आणि वेग शॉटगणिक बदलतो. स्प्रिंगच्या गनमध्ये ते तेल दाबाने पेटतं, धूर निघतो आणि छर्रा मध्येच भलत्या वेगाने सुटतो.

त्या निरोपात एक गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही: छर्रे शिशाचे असतात. मुलं पुढचा छर्रा ओठांत धरतात, ते थांबवा. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांची प्लेट हातात देऊ नका, आणि लक्ष्यामागची जागा कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा.