प्रभारी, कायम आणि डावी करंजी

सन 2024 च्या वसुबारसेला, म्हणजे 28 ऑक्टोबरला, मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने आपले मॅनेजर एरिक टेन हाग यांना नारळ दिला आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, रूबेन अमोरिम यांच्या नेमणुकीची घोषणा केली. मँचेस्टरच्या मंडळींनी पंचांग उघडले असेल असे मला वाटत नाही. परंतु त्यांच्या या तत्परतेमुळे 3 तारखेची माझी भाऊबीज ओवाळणीपुरतीच उरली. बाकीचा सारा दिवस ताईच्या घरी एका अशा माणसाच्या नेमणुकीवर खल करण्यात गेला, की ज्याला आम्ही ओळखत नव्हतो, जो आम्हाला ओळखत नव्हता आणि ज्याला नेमताना आमचे मत घ्यावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

खल करणारे आम्ही चौघे होतो. दाजी सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या कोणत्याही माणसाकडे कर्जाचा अर्ज घेऊन आलेला इसम म्हणून पाहतात. भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला स्वतःच्या विषयांची नावे विचारली तर तो थांबून आठवतो. आमची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत सहा वर्षे प्रभारी मुख्याध्यापिका होती. चौथा मी. 26 मे 1999 च्या रात्री बार्सिलोनामध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध भरपाईच्या वेळेत दोन गोल करून युनायटेडने चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा जिंकली, तेव्हापासून मी या संघाच्या नादी लागलो. फुटबॉलमध्ये असेच होत असते, असा माझा तेव्हा समज झाला होता.

समज होण्यासारखेच ते दिवस होते. सर ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये मॅनेजर म्हणून आले ते मे 2013 मध्ये, लीगची 13 विजेतेपदे मिळवून, स्वतःच्या इच्छेने निवृत्त झाले. त्यामुळे नेमणुकीवर वाद घालण्याचा सराव आम्हा भक्तांना उरलाच नव्हता. त्यानंतर मात्र आमची तालीम भरपूर झाली. डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांचा करार मिळाला आणि दहा महिन्यांत नारळ मिळाला. लुई व्हॅन गाल यांनी 2016 मध्ये शनिवारी एफए कप जिंकला आणि सोमवारी त्यांना घरी पाठवले. पेढे वाटायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. जोझे मोरिन्यो आले, युरोपा लीग घेऊन आले, लीगमध्ये दुसरे आले आणि मग तेही गेले. टेन हाग यांच्या आडनावाचा उच्चार मराठी पंगतीत करण्याजोगा नसल्यामुळे आमच्याकडे त्यांना नुसते एरिक म्हणत. या एरिकना जुलैमध्ये मुदतवाढ देण्यात आली आणि ऑक्टोबरात संघ 14 व्या क्रमांकावर असताना निरोप देण्यात आला. अमोरिम हे फर्ग्युसन यांच्यानंतरचे सहावे कायम. मधल्या प्रभारींची मोजदाद आई ठेवते.

हा शब्द तिचाच आहे. एक गेल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो संघ सांभाळतो त्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे भाच्याने तिला पूर्वी एकदा समजावून सांगितले होते. त्यावर तिने, “म्हणजे प्रभारी,” एवढेच म्हणून विषय कायमचा निकालात काढला. या वेळी प्रभारी होते रूड व्हॅन निस्टलरॉय, आणि त्यांनी आल्याआल्या लेस्टरला 5-2 असे हरवले होते. अमोरिम यांना स्पोर्टिंग लिस्बन या पोर्तुगीज क्लबमधला नोटिशीचा काळ पुरा करायचा असल्याने ते 11 तारखेला रुजू होणार होते. रुजू होणे, नोटीस आणि प्रभार हे तीनही शब्द कानांवर पडताच आई आतल्या खोलीतून उठून दिवाणखान्यात आली आणि हातातले वाचन मिटून बसली, तेव्हाच मी समजलो की आता जेवण दोनच्या आत होत नाही.

पहिला वाद पदनामाचा झाला. आजवरचे सगळे ‘मॅनेजर’ होते. अमोरिम यांना क्लबने ‘हेड कोच’ म्हणून घेतले होते. भाच्याचे म्हणणे असे होते की हीच आधुनिक पद्धत आहे; खेळाडूंच्या खरेदी-विक्रीसाठी निराळा स्पोर्टिंग डायरेक्टर असतो, त्याच्यावर सीईओ असतो, आणि फेब्रुवारीत उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा 27.7 टक्के हिस्सा घेतल्यापासून सगळे कसे व्यावसायिक झाले आहे. आईने चष्मा पुसत हे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे शिक्षक भरतीचा अधिकार संस्थेकडे,” ती म्हणाली, “आणि दहावीचा निकाल पडला की जाब मात्र मुख्याध्यापकाला.”

युनायटेडवर इंग्लंडात आजवर जे रकानेच्या रकाने लिहून आले आहेत त्यांत यापेक्षा अधिक काही असेल असे मला वाटत नाही. भाच्याला मात्र ते पटले नाही, कारण ते आजी बोलली होती.

दुसरा वाद दाजींनी उकरून काढला आणि तो पतपात्रतेचा होता. अमोरिम अवघे 39 वर्षांचे, प्रशिक्षक म्हणून सारी कारकीर्द पोर्तुगालमध्ये, आणि 2020 च्या मार्चमध्ये स्पोर्टिंगने त्यांना ब्रागा या क्लबकडून तब्बल एक कोटी युरो मोजून आणले तेव्हा त्यांना तिथे जेमतेम काही महिने झाले होते. “एवढ्या तारणावर मी ट्रॅक्टरलाही कर्ज दिलं नसतं,” असे दाजी म्हणाले. भाच्याने उसळून सांगितले की त्याच अमोरिमनी पुढच्याच वर्षी स्पोर्टिंगला लीग जिंकून दिली, आणि ती त्यांना 19 वर्षांनी मिळाली होती. त्यावर दाजींनी, थकीत खाते एकदा नियमित झाले म्हणून कोणी त्याला लगेच वाढीव कर्ज देत नाही, असे उत्तर दिले. माझे दुःख वेगळेच होते आणि ते मी बोलून दाखवले नाही. इतकी वर्षे माझ्या संघाचा गुरू माझ्यापेक्षा वयाने मोठा असे, त्यामुळे त्याला शिव्या देण्यात एक प्रकारची शिस्त होती. आता वयाने लहान माणसावर श्रद्धा ठेवण्याची वेळ आली होती.

तिसरा वाद रचनेचा. अमोरिम 3-4-3 खेळवत, म्हणजे मागे तीन, मध्ये चार आणि पुढे तीन, आणि युनायटेडकडे त्या रचनेला लागणारी माणसे आहेत का, हा प्रश्न तोंडी सुटेना म्हणून भाच्याने फराळाचे ताट पुढे ओढले. गोलरक्षक ओनाना म्हणून त्याने बेसनाचा लाडू ठेवला. त्याच्यापुढे तीन चकल्या, म्हणजे तीन सेंटर-बॅक, मधले बचावपटू; त्यातल्या एकीचे वेटोळे सुटत आले होते, तेव्हा ती कोण हे विचारावे लागले नाही. मध्यभागी ब्रुनो फर्नांडिस आणि कासेमिरो म्हणून दोन शंकरपाळे. ब्रुनो जानेवारी 2020 मध्ये स्पोर्टिंग सोडून मँचेस्टरला आला आणि मार्चमध्ये अमोरिम स्पोर्टिंगला पोहोचले, हा योगायोग भाच्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितला. कडांना दोन करंज्या, म्हणजे विंग-बॅक. पुढे दोन चिरोटे आणि सर्वांत पुढे आघाडीवीर म्हणून त्याने चिवड्यातला काजू शोधून ठेवला, कारण तोही महाग असतो आणि वेळेवर हाती लागत नाही.

आता खरा प्रश्न कडांचा होता. या रचनेत विंग-बॅकने हल्ल्यात पुढे जायचे आणि चेंडू गमावला की तितक्याच वेगाने मागे यायचे, शिवाय निव्वळ विंगरला, म्हणजे कडेने फक्त हल्ला करणाऱ्याला, जागाच नाही. मग विंगर गार्नाचोचे काय करायचे, रॅशफर्डला चिरोटा करायचा की काजूच्या जागी उभे करायचे, उजवीकडे अमादला मागे खेचले तर त्याच्यातली धार जाईल की नाही, यावर दाजी आणि भाचा ताटावर ओणवे होऊन भांडत असताना आईने अगदी सहज हात पुढे केला आणि डावी करंजी उचलून खाल्ली.

“आजी, तो डावा विंग-बॅक होता!” भाचा ओरडला.

“खोबरं जरा खवट लागतंय,” आई म्हणाली.

यावर स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली, आणि पुढची दहा मिनिटे नेमणुकीचा प्रश्न मागे पडून करंज्या विकतच्या आहेत की घरच्या, हे जाहीरपणे निश्चित करण्यात गेली. वास्तवाशी मात्र आईची कृती तंतोतंत जुळत होती. डावीकडचे बचावपटू ल्यूक शॉ आणि मलासिया हे दोघेही त्या दिवसांत खेळायला उपलब्ध नव्हते, आणि अमोरिम यांच्या पहिल्या सामन्यात उजव्या पायाच्या दालोला डावीकडे उभे करावे लागले. एवढे वाद घालून आम्हाला जे दिसले नाही ते तिने एका घासात दाखवले होते. हंगामाच्या अखेरीस संघ 15 व्या क्रमांकावर आला तेव्हा दाजी, भाचा आणि मी अशा तिघांनीही, “मी भाऊबिजेलाच म्हणालो होतो,” असे सांगितले. कोणीही म्हणाले नव्हते. मी तिथेच होतो, चकल्यांसकट.

रात्री दहा वाजता चेल्सीविरुद्धचा सामना सुरू झाला. ब्रुनोने पेनल्टीवर गोल केला, चार मिनिटांनी चेल्सीच्या कैसेदोने तो फेडला आणि 1-1 अशी बरोबरी झाली. सामना संपल्यावर दाजींनी बरोबरीचे श्रेय प्रभारींना द्यायचे की दोष जाणाऱ्यांना, असा नवा मुद्दा काढला. भाच्याने अमोरिम हा सामना लिस्बनमध्ये बसून पाहत असतील आणि टिपणे काढत असतील, असे ठामपणे सांगितले. आणि मी ताईने दिलेला फराळाचा डबा घेऊन हळूच दाराकडे सरकू लागलो. एवढ्यात आईने विचारले, “या प्रभारी मुलालाच कायम का करत नाहीत? दोन सामन्यांत हरला नाही बिचारा.”

झाले. दाजी पुन्हा बसले. 2018 च्या डिसेंबरात प्रभारी म्हणून आलेले ओले गुन्नार सोल्शार यांनी पहिले आठही सामने जिंकले, मार्चमध्ये त्यांना कायम केले गेले आणि 2021 च्या नोव्हेंबरात वॉटफर्डकडून 4-1 हरल्यावर त्यांची काय गत झाली, हे सारे त्यांनी व्याजासकट मांडले. बार्सिलोनातल्या त्या रात्रीचा दुसरा गोल याच सोल्शारचा, त्यामुळे मला गप्प राहवेना. मग मी बोललो, मग भाचा बोलला, मग शेजारच्यांनी भिंतीवर दोनदा थाप मारली.

साडेबाराला रिक्षा मिळाली. डबा मांडीवर घेऊन आई डोळे मिटून बसली होती, म्हणून मला वाटले की तिचा डोळा लागला. चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती डोळे न उघडताच म्हणाली, “अरे, त्या मुलाला प्रभाराचा भत्ता तरी देतात ना?”