तिन्हीसांजा झाल्या की गेम सुरू होतो

मे महिन्यात पुतण्या पुण्याहून आला होता. वय बारा, सामानात एक लॅपटॉप आणि बाकी कपडे वगैरे किरकोळ. दापोलीच्या खाली आमची वाडी, वळवाचा वारा सुटला की लाईट जाणार हे इथे कोणी बोलून पण दाखवत नाही. तर सात-सव्वासातला लाईट गेली, आणि हा ओटीवर मांडी घालून 'डोन्ट स्टार्व्ह' नावाचा, रानात एकट्याने जीव जगवायचा गेम खेळत होता. अख्ख्या घरात उजेड म्हणजे फक्त त्याचा स्क्रीन, आणि स्क्रीनवर पण रात्रच चाललेली. आजूबाजूचे सगळे लायटीचे किडे त्या स्क्रीनवर येऊन बसले, हा एका हाताने किडे झटकतोय दुसऱ्या हाताने खेळतोय, लॅपटॉपची बॅटरी ११ टक्के, आणि गेममधली मशाल विझत आलेली.

ती मशाल ७५ सेकंद चालते. पुरे झालं म्हणून याने गेममधल्या दिवसात नव्या मशालीसाठी गवत-काटक्या गोळाच केल्या नव्हत्या. मशाल गेली, स्क्रीन काळा, एक आवाज आला, फटका. परत आवाज, परत फटका, खेळ खल्लास. सुरुवातीला मिळतो त्या माणसाची ताकद १५० असते आणि अंधारातला एक फटका १०० चा, म्हणजे दुसऱ्या फटक्याला हिशोब संपला.

"काका हे चीटिंग आहे, मारलं कोणी ते दिसलंच नाही."

मी म्हटलं अरे बाबा, हेच तर त्या गेममधलं सगळ्यात प्रामाणिक काम आहे. त्याला काही पटलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, ज्यांना गेम म्हणजे पोरांचा टाइमपास वाटतो त्यांनी पुढे सरकायला हरकत नाही.

माझं म्हणणं एवढंच की अंधार जीवघेणा करायचा तर त्यात राक्षस कसला ठेवला याला फार किंमत नाही, खरी भीती अंधार पडायच्या आधीच्या अर्ध्या तासात असते. डोन्ट स्टार्व्ह २०१३ चा गेम, व्हँकुव्हरच्या क्लेई कंपनीचा. त्यात अख्खा दिवस आठ मिनिटांचा आणि त्याचे तीन भाग, दिवस, संध्याकाळ, रात्र. ती मधली संध्याकाळ, रंग जरा मातकट होतो, संगीत बदलतं, आणि आपल्याला एकदम आठवतं की लाकडं नाहीत. मला पहिल्यांदा खेळताना आजीच आठवली. "तिन्हीसांजा झाल्या रे, पाय धुवून घरात ये." दिवे लागल्यावर केर काढू नये, शीळ घालू नये, विहिरीकडे जाऊ नये. लहानपणी वाटायचं काय ही कटकट. आता कळतं, विहिरीला कठडा नव्हता. बाकीचे नियम कशासाठी होते ते ती जाणे, पण विहिरीचा नियम पक्का इंजिनिअरिंगचा होता.

आणि गंमत अशी की कॉम्प्युटर गेममधला पहिला प्रसिद्ध अंधार पण असाच, बिनकठड्याच्या विहिरीचा. १९७० च्या दशकात विल क्राउदर नावाच्या प्रोग्रामरने गुहेत फिरायचा एक गेम लिहिला, चित्रबित्र काही नाही, नुसता मजकूर. हा माणूस स्वतः अमेरिकेतल्या केंटकीच्या मॅमथ केव्ह या गुहांमध्ये उतरणारा, नकाशे करणारा. १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो गेम वाढवला. त्यात दिवा नसताना पुढे पाऊल टाकलंत तर काय होतं? खड्ड्यात पडता. बस. भूत नाही, दात नाहीत. जो माणूस खरंच गुहेत उतरलाय त्याला माहीत असतं की अंधार चावत नाही, तो फक्त खड्डा दाखवत नाही. आणि दिव्याची बॅटरी पण मोजकी. नवी हवी तर मशीनमध्ये नाणी टाका, पण ती नाणी म्हणजे तुम्ही शोधलेला खजिना, त्याचे मार्क गेले. उजेड विकत घ्यायचा तर सोनं मोडा! ज्यांनी रेशनच्या रांगेत रॉकेलचा कॅन घेऊन उन्हात तास काढलेत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

मग त्याच काळात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या चार पोरांनी 'झॉर्क' हा तसाच मजकुराचा गेम लिहिला. त्यात पण आधी खड्डेच होते, पण कोणीतरी घराच्या माळ्यावर अंधारात चालला आणि थेट अथांग खड्ड्यात पडला. आता माळ्यावर खड्डा कुठला, खाली स्वयंपाकघर आहे! मग त्यांनी खड्डे काढले आणि 'ग्रू' आणला, अंधारात राहणारा, उजेडाला घाबरणारा, माणूस खाणारा. तो कसा दिसतो ते कोणालाच माहीत नाही कारण उजेडात तो येतच नाही. मला ग्रू आवडतो, खोटं नाही बोलणार. पण खरं सांगू, तिथूनच गेमवाल्यांना सोपी वाट सापडली. अंधार म्हणजे कुठलंतरी जनावर, जनावर म्हणजे गोळी घाला, झालं. आपल्याकडे देवचार आहे, चकवा आहे, पण देवचाराला गोळी घालायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, त्याला नारळ देतात.

सोप्या वाटेवर सगळेच गेले असं नाही. २००४ चा राक्षसांना गोळ्या घालायचा 'डूम ३' घ्या, त्यात एका वेळी हातात टॉर्च नाहीतर बंदूक, दोन्ही नाही. लोकांनी काय शिव्या घातल्या. भविष्यकाळातला सैनिक आणि याच्याकडे टेप नाही का बंदुकीला टॉर्च चिकटवायला, म्हणून लोकांनी स्वतःच तसा मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेला बदल) काढला आणि नाव पण टेपवरूनच. शेवटी २०१२ च्या आवृत्तीत कंपनीने टॉर्च चिलखतालाच लावून दिली. मला ते आवडलं नाही. बघायचं की मारायचं हा प्रश्न होता तोवर तो अंधार होता, नंतर नुसतं काळं वॉलपेपर.

ठोकळ्यांनी घरं बांधायच्या माइनक्राफ्टचं पण तेच झालं, माझ्या मते. त्यात मशालीच्या उजेडाची पातळी १४, एकेक ठोकळा पुढे गेलं की एकेकाने कमी. आधी ७ किंवा त्याच्या खाली गेला की तिथे राक्षस उगवू शकायचे, म्हणजे दिसतंय सगळं पण मंद दिसतंय, आणि तेवढंच पुरेसं होतं जीव जायला. २०२१ च्या १.१८ या आवृत्तीत त्यांनी ते शून्यावर आणलं, आता पूर्ण काळोख लागतो. घरं बांधणारे खूश झाले, कोपऱ्याकोपऱ्यात मशाली ठोकायला नकोत. पण अर्धवट उजेडाची भीती गेली ना. कंदिलाची काच काळी पडलीय, वात वाकडी जळतेय, पडवीचा अलीकडचा अर्धा भाग दिसतोय आणि पलीकडचा वाटतोय दिसल्यासारखा, ती जी पातळी आहे ना, ती पाच-सहाची असावी. खरी गडबड तिथेच असते. आणि जे लोक सेटिंगमध्ये जाऊन ब्राइटनेस फुल करून खेळतात त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. त्या पट्टीच्या सगळ्यात खालच्या टोकाला गेममध्येच 'मूडी' लिहिलंय, तिथे ठेवा एकदा.

(२०१० चा 'अम्नेशिया' हा भीतीचा गेम राहिलाच. त्यात अंधारात उभं राहिलं की माणसाचं डोकं फिरायला लागतं, आणि उजेडात उभं राहिलं की राक्षसाला दिसतो. दोन्हीकडून मार. फार सुंदर आणि मला दुसऱ्यांदा खेळायची अजिबात इच्छा नाही.)

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन-दिवेआगरकडे जमिनीवर चढलं, आणि आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्याचं जे व्हायचं ते झालं. सुपारीची आगरं आडवी, विजेचे खांब आडवे. आमच्या वाडीत लाईट यायला बावीस दिवस गेले. पहिले दोन दिवस मजा वाटली, मग दुकानातल्या मेणबत्त्या संपल्या. मग सुरू झाला हिशोब. जेवण साडेसहाला. अर्धी मेणबत्ती भांडी घासेपर्यंत, उरलेली कोणाला रात्री उठायला लागलं तर. मोबाईलचा टॉर्च लावायचा नाही, कारण चार्जिंगला कोणाच्या तरी जनरेटरवर जायचं, तिथे रांग. दिवसभर काम करताना डोक्यात एकच, संध्याकाळी काय. त्या बावीस दिवसांत मी एकदाही गेम खेळलो नाही (कशावर खेळणार) पण डोन्ट स्टार्व्ह मला कळला तो तेव्हा. त्या गेममध्ये अंधारात फटके मारते ती एक न दिसणारी बया, पौर्णिमेला ती येत नाही कारण चांदण्याचा उजेड पुरतो. वादळानंतर दोनच दिवसांनी पौर्णिमा होती, पण आभाळ भरलेलं, आम्हाला ती सवलत पण नाही मिळाली.

आणि तो आवाज. पुतण्या म्हणाला मारण्याआधी नुसता आवाज येतो, दिसत काही नाही, मग त्याचा उपयोग काय. उपयोग आहे बाबा. त्या बावीस दिवसांतलीच गोष्ट, मागीलदारी निघालो होतो, बॅटरी मुद्दाम बंद, सेल वाचवायचे म्हणून, पायाखालची वाट पाठ आहे हा माज. जांभ्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय टाकणार तेवढ्यात बाजूने खरखर आली, करवत लाकडावर घासावी तशी, पण बारीक. पाय हवेतच राहिला. बॅटरी लावली तर पायरीच्या कोपऱ्यात फुरसं, वीतभर, वेटोळं करून अंगावर अंग घासतंय. ते अंगाचे खवले घासूनच आवाज करतं. मण्यार असती तर आवाजसुद्धा नसता. फुरशाने मला एक सेकंद दिला. त्या गेममधली बाई पण आवाज करून थोडी सवड देते, तेवढ्यात काही पेटवलंत तर वाचलात.

हे सांगितल्यावर पुतण्या गप्प. मला वाटलं पटलं. तर थोड्या वेळाने म्हणतो, "काका, मला मागे जायचंय, तू येतोस का बरोबर?" गेलो. पुढे मी, मागे तो, आणि सगळा वेळ "बॅटरी खाली मार ना, खाली मार, पायाजवळ". दुसऱ्या दिवशी लाईट आल्यावर नवीन गेम सुरू केला तेव्हा बघितलं मी चोरून, दुपार व्हायच्या आधी साहेबांनी गवताचा ढीग लावला होता.

असो. वादळानंतर मी माळ्यावरचा कंदील काढला, राखेने काच घासली, नवी वात घातली, ओटीवर टांगलाय. फक्त आम्हाला आता रेशनवर रॉकेल मिळत नाही, त्यामुळे तो नुसताच टांगलेला आहे. दापोली-हर्णै बाजूला कुठे सुटं मिळत असेल तर सांगा, जून तोंडावर आलाय.