चक वर गेला तो खाली आलाच नाही

हॅपी डेज नावाची अमेरिकन सिटकॉम होती, १९७४ ते १९८४, तब्बल अकरा सिझन. कनिंगहॅम कुटुंब, म्हणजे आई, बाबा, रिची, त्याची धाकटी बहीण जोनी आणि सगळ्यात थोरला चक. हा चक म्हणजे उंचापुरा पोरगा, हातात कायम बास्केटबॉल, यायचं, एखादं वाक्य टाकायचं आणि जायचं, याच्यापलीकडे त्याचं काय करावं हे लेखकांना सुचतच नव्हतं. नटसुद्धा बदलून बघितला. तरी नाही जमलं, मग दुसऱ्या सिझननंतर चक नाही. मेला नाही, शिकायला परगावी गेला नाही, भांडून घर सोडलं नाही, नुसताच नाही. आणि शेवटच्या एपिसोडमध्ये जोनीच्या लग्नात बाप सगळ्यांसमोर भाषण करतो आणि म्हणतो आमची दोन्ही मुलं आता मार्गी लागली. दोन्ही!! अहो तिसरा कुठाय?

अमेरिकन लोक गमतीत म्हणतात की चक बॉल घेऊन जिना चढून वर गेला तो परत उतरलाच नाही. मराठीत हा जोक आणखी भारी बसतो, कारण आपल्याकडे वर गेला म्हणजे गेलाच.

गेले काही महिने रात्री झोप येईपर्यंत जुन्या कॉमेडी मालिका बघायचा नाद लागलाय आणि बघता बघता माझं एक मत पक्कं झालंय. मालिका किती हसवते यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मला मात्र पात्र घालवताना ती कशी वागते त्यावरून तिची नियत कळते. यायला काय, कुणीही येतं. दार उघडलं, टाळ्या वाजल्या, आला. जाणं अवघड, कारण सिटकॉमला पुढच्या आठवड्यात त्याच सोफ्यावर त्याच लोकांना घेऊन परत हसवायचं असतं. रडक्या मालिकेत माणूस मेला तर चार एपिसोडचा माल मिळतो, इथे तोच माणूस गळ्यात धोंडा. आणि नट तर जाणारच ना, कुणाचं करारावरून बिनसतं, कुणाला सिनेमे करायचे असतात, कुणी आजारी पडतं, कुणी खरोखर मरतं. मग लेखक काय करतो तिथे सगळं उघडं पडतं.

चकचं जे झालं त्याचं कारण म्हणजे फॉन्झी. लेदर जॅकेटवाला फॉन्झी सुरुवातीला बाजूचं पात्र होता, पण हेन्री विंकलरने ते असं काही केलं की लोक त्याच्यासाठीच बघायला लागले, आणि तिसऱ्या सिझनपासून तो कनिंगहॅमांच्या गॅरेजवरच्या खोलीत भाड्याने राहायला आला. म्हणजे पोटचा पोर गायब आणि भाडेकरू घरचा मोठा मुलगा. फॅमिली मॅटर्समध्ये तर याहून वाईट. ती मालिका १९८९ मध्ये सुरू झाली तेव्हा विन्स्लो कुटुंबाची होती, पहिल्या सिझनच्या मध्यात शेजारचा एक चष्मेवाला पोरगा एकाच एपिसोडसाठी आणला, स्टीव्ह अर्कल, आणि त्याने अख्खी मालिका खाऊन टाकली. चार सिझननंतर विन्स्लोंची धाकटी मुलगी जूडी बंद. तिच्याबद्दलही कुणी विचारलं नाही. चक निदान मोठा घोडा होता हो, ही शाळकरी मुलगी, आणि तिचा बाप मालिकेत पोलीस आहे! पोलिसाच्या घरातली मुलगी हरवते आणि तक्रार नाही. मी हे बघून हसलो, मग दोन मिनिटांनी बरं वाटेना.

बिविच्डवाल्यांनी तर माणूस तोच ठेवून चेहरा बदलला. १९६९ मध्ये डॅरिनचं काम करणारा डिक यॉर्क पाठीच्या दुखण्यामुळे गेला आणि पुढच्या सिझनला डिक सार्जंट आला, बायको त्याच्याशी तसंच बोलते, काही झालंच नाही. बरं बायको जादूगार आहे, तेव्हा तिनेच काही केलं असेल तर माहीत नाही. मला हे चालतं खरं सांगायचं तर. नाटकात नाही का नट बदलतो.

पण व्हॅलरी हार्परचं मात्र चालत नाही. तिच्याच नावाची मालिका, व्हॅलरी, १९८६ ची, ती त्यात तीन मुलांची आई. निर्मात्यांशी वाजलं, तिला काढलं, आणि मालिकेत आई गाडीच्या अपघातात गेली असं दाखवून आत्या आणली. आणि मालिकेचं नाव काय ठेवलं तर व्हॅलरीज फॅमिली. बाई नाही, नाव आहे! नंतर तेही काढून द होगन फॅमिली केलं. ती कोर्टात गेली आणि जिंकली, हे वाचून मला जे समाधान झालं ते त्या मालिकेच्या कुठल्याही एपिसोडने झालं नव्हतं.

आता मॅश. मॅशबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तर खाली सरका.

कोरियन युद्धातलं फिरतं लष्करी हॉस्पिटल, आणि तिथे डॉक्टरांचा चावटपणा. युद्ध चाललं तीन वर्षं आणि मालिका चालली अकरा, १९७२ ते १९८३. म्हणजे माणसं जाणारच होती. आणि मॅशने जवळजवळ प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेने घालवलं. १९७५ च्या मार्चमध्ये तिसऱ्या सिझनचा शेवटचा एपिसोड, कर्नल हेन्री ब्लेकची सुटका झालीय, घरी चाललाय. मॅक्लिन स्टीव्हन्सनला मालिका सोडायची होती म्हणून हा सगळा घाट. दारू, निरोप, मिठ्या, हेलिकॉप्टर, झालं, गेला, तुम्ही डोळे पुसून टीव्ही बंद करायला उठता. आणि ऑपरेशन थिएटरमध्ये रडार, म्हणजे तिथला कारकून पोरगा, येतो, तोंडाला मास्क नाही म्हणून डॉक्टर त्याच्यावर खेकसतात, आणि तो हातातला कागद वाचतो की हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं, कुणी वाचलं नाही. एवढंच. पार्श्वसंगीत नाही, हशा नाही (मॅशमध्ये ऑपरेशनच्या सीनला तो रेकॉर्ड केलेला हशा लावायचेच नाहीत). शांततेत कुठेतरी एक हत्यार खाली पडल्याचा आवाज येतो आणि डॉक्टर परत पोटं शिवायला लागतात. शेवटच्या सीनचं ते पान लेखकांनी लपवून ठेवलेलं, बहुतेक नटांना शूटिंगच्या अगदी आधी दिलं. प्रेक्षकांनी संतापून पत्रं लिहिली, कॉमेडीत असं करतात का म्हणून. मला विचाराल तर त्या एका कागदाने मालिका खरी झाली, कारण युद्धात लोक असेच जातात, सामान बांधून झाल्यावर.

त्याच वेळी डॉक्टर ट्रॅपरचं काम करणारा वेन रॉजर्सही मालिका सोडून गेला, करारावरून, अचानक. निरोपाचा सीन करायला माणूसच नाही. दुसऱ्या कुणी चक केला असता त्याचा. यांनी काय केलं, मालिकेतला मुख्य डॉक्टर हॉकाय सुट्टीवरून परत येतो तर त्याचा जिवलग दोस्त ट्रॅपर सुटका होऊन घरी निघालेला, हा जीव तोडून विमानतळावर पोचतो आणि दहा मिनिटांनी चुकामूक. चिठ्ठी नाही, काही नाही. ट्रॅपरने जाताना रडारकडे फक्त एक पापा देऊन ठेवलाय, हॉकायला पोचता कर म्हणून, आणि तो बिचारा लाजत लाजत हॉकायच्या गालावर तो पोचवतो. नट नसल्याची जी अडचण, तीच गोष्ट झाली. याला म्हणतात लिहिणं.

आणि फ्रँक बर्न्स! तो कोता, डरपोक, चहाडखोर फ्रँक. लॅरी लिनव्हिलने पाच सिझन केला आणि सोडला, कारण बाकीची पात्रं मोठी होत गेली आणि हा तिथेच, याच्यात आणखी काही काढण्यासारखं उरलंच नव्हतं. त्याचं जाणंही आपल्याला दिसत नाही, सुट्टीवर असताना डोकं फिरलं म्हणून पकडलं वगैरे बातम्या फोनवर येतात, सगळे खूश, आणि शेवटी स्वतः फ्रँकचा फोन येतो की सगळे आरोप माफ, वर बढती, आणि गावाकडच्या हॉस्पिटलात बदली. ज्यांनी ऑफिसात काम केलंय त्यांना या एपिसोडवर जास्त काही सांगायची गरज नाही.

मॅशवरून निघायला पाहिजे आता. तर कॉमेडीत मरण येऊच नये असं काही माझं म्हणणं नाही, उलट मरणावर हसवणं हीच खरी कसोटी. मेरी टायलर मूरच्या मालिकेत, तेही १९७५ चंच, एक विदूषक शेंगदाण्याचा वेश घालून मिरवणुकीत जातो आणि हत्ती त्याला सोलायला जातो, मेला. ऑफिसातले सगळे फिदीफिदी हसतात आणि मेरी एकटी त्यांना रागावते, आणि अंत्यविधीला सगळे गंभीर झाल्यावर हिलाच हसू आवरत नाही. पण तो विदूषक आपण कधी धड बघितलेलाही नव्हता, त्यामुळे ते सोपं होतं. ब्रिटिश ओन्ली फूल्स अँड हॉर्सेसला ही सोय नव्हती. तिथे आजोबांचं काम करणारे लेनर्ड पिअर्स १९८४ च्या डिसेंबरमध्ये खरंच वारले. दुसरा नट नाही घेतला, गप्प बसले नाहीत, सरळ आजोबांचा अंत्यविधी दाखवला. त्यांचा नातू डेल आजोबांची म्हणून जी हॅट आहे ती कबरीत टाकतो, सगळ्यांचे डोळे भरलेले, आणि नंतर कळतं ती हॅट पाद्रीबाबांची होती. खरा माणूस गेलाय, त्याचे सहकारी खरे रडतायत, आणि मध्येच हॅट. मी आठवड्यात तीनदा बघितला हा सीन.

आर्ची बंकरबद्दल थोडंच लिहितो कारण त्याच्यावर लोकांनी पुस्तकं लिहिलीत. ऑल इन द फॅमिलीतला तो खेकसणारा, सगळ्या जगाला नावं ठेवणारा म्हातारा आणि त्याची साधी बायको ईडिथ, जिला त्याने आयुष्यभर गप्प बस म्हणूनच हाक मारली. आर्चीच्याच पुढच्या मालिकेत ईडिथ करणाऱ्या जीन स्टेपल्टनला काम थांबवायचं होतं, म्हणून १९८० मध्ये ईडिथ गेली असं झालं, पण तिचं मरण पडद्यावर नाहीच. आर्ची बेडरूममध्ये येतो, तो मुळी कबूलच करत नाहीये की काही झालंय, आणि त्याला तिची एक सपात सापडते. एकच. ती हातात धरून तो तिच्यावर चिडतो, मला न सांगता अशी कशी गेलीस म्हणून. नऊ वर्षांत त्याने जे तिला सांगितलं नाही ते त्या सपातेला सांगतो.

आणि याच्या बरोब्बर उलट साइनफेल्ड. १९९६. जॉर्जला लग्न नकोय पण मोडायची हिंमत नाही, लग्नपत्रिकांची पाकिटं त्याने हट्टाने सगळ्यात स्वस्त घेतली, त्यांचा डिंक विषारी, चाटून चाटून त्याची होणारी बायको सूझन मेली. डॉक्टर सांगतात, जॉर्ज आणि त्याचे तिघे दोस्त एकमेकांकडे बघतात, आणि कॉफी प्यायला जातात. लोकांना फार राग आला होता याचा. मला हा प्रामाणिकपणा वाटतो! ही चार माणसं पहिल्या दिवसापासून अशीच होती, मग सूझनसाठी अचानक व्हायोलिन वाजवलं असतं तर ती लबाडी झाली असती. लेखकाने माणसं बदलली नाहीत, आपल्यालाच ती बरी वाटायला लागली होती.

हिंदीत ये जो है जिंदगीने, १९८४, जाण्याचा प्रश्न फार मजेत सोडवला, सतीश शाह दर एपिसोडला वेगळाच माणूस. म्हणजे दर आठवड्याला एक जण कायमचा जातोय आणि पुढच्या आठवड्याला तोच चेहरा नवीन मिशी लावून हजर, आणि घरातले त्याला ओळखत नाहीत. कुणाला खटकलं? नाही. अट आधीच सांगितली की प्रेक्षक काहीही मान्य करतो, फसवलेलं मात्र लक्षात ठेवतो.

चिअर्समध्ये बारच्या काउंटरमागचा कोच, म्हणजे निकोलस कोलासांटो, १९८५ च्या फेब्रुवारीत वारला. त्याच्या जागी वूडी आला, कोचला भेटायला म्हणून, दोघांची पेनफ्रेंडशिप होती म्हणे. पत्रं लिहायचात का? नाही, आम्ही एकमेकांना पेनं पाठवायचो. एका वाक्यात गेलेला माणूस परत हसवून गेला आणि नवा माणूस आत आला. पण मला सांगायचंय ते वेगळं. कोलासांटोच्या मेकअप रूममध्ये जेरोनिमोचा एक फोटो होता, तो त्याच्यानंतर सेटवर भिंतीला लावला, मालिकेत त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. आठ वर्षं तो तिथे. १९९३ ला शेवटचा एपिसोड, बार बंद झालाय, बारचा मालक सॅम एकटा, जाता जाता भिंतीशी थांबतो आणि तो फोटो सरळ करतो. बस. दोन वेळा बघूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, तिसऱ्यांदा माहीत असून बघितलं आणि लाइट लावायला उठलो.

फोटोवरून हम पाँच आठवलं. तिथे आनंद माथुरची, आपल्या अशोक सराफांची, पहिली बायको वारलेली आणि प्रिया तेंडुलकर भिंतीवरच्या फ्रेममधून नवऱ्याशी गप्पा मारते, टोमणे मारते, डोळे मोठे करते. जाऊनही घरातली सगळ्यात हजर बाई तीच.

आणि मग परत चक. हॅपी डेजचे अकराच्या अकरा सिझन चिकाटीने बघितलेला कुणी इथे असेल तर प्लीज सांगा, पुढे कुठल्यातरी भिंतीवर, कोपऱ्यात का होईना, चकचा एखादा फोटो दिसतो का? मी पाचव्या सिझनपर्यंत पोचलोय. अजून दिसला नाही.