वर्ल्डकप नको, पंधरवड्याला एक मॅच द्या

रविवारी, 30 नोव्हेंबर 2025 ला, अहमदाबादला आपल्या अंडर-17 पोरांनी इराणला 2-1 ने हरवून आशियाई चषकाचं तिकीट काढलं. तेव्हापासून आमच्या फुटबॉलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच टाळ वाजतोय: भारताने परत अंडर-17 वर्ल्डकपचं यजमानपद मागावं, गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमला मॅचेस आणाव्यात, गोवा म्हणजेच फुटबॉल, वगैरे वगैरे. आनंद मलाही झालाय. शेवटची दहा मिनिटं मी टीव्हीसमोर उभ्यानेच काढली. पण ही फातोर्ड्याची मागणी काही माझ्या घशाखाली उतरत नाही. ग्रुपवर तसं लिहिलं तर "तू सदाचा रडका" म्हणून उडवून लावलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी त्या विजयाबद्दल, कारण बऱ्याच जणांनी नुसता स्कोअर बघून फटाके लावलेत. गटात आपण पॅलेस्टाईनशी 1-1 बरोबरी केली, चिनी तैपेईला 3-1 हरवलं आणि लेबनॉनकडून 0-2 मार खाल्ला. त्यामुळे शेवटच्या मॅचला इराणला हरवल्यावाचून गत्यंतरच नव्हतं. त्यात पहिला गोल इराणचा. हाफटाइमच्या तोंडावर कॅप्टन गांगटेने पेनल्टी घातली, दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला गुनलेइबाने दुसरा गोल केला आणि मग उरलेला सगळा वेळ आपण छातीवर दगड ठेवून बघितला. हाच इराण 2016 साली गोव्यात आपल्या अंडर-16 संघाला 3-0 ने धुऊन गेला होता. आशियाई स्पर्धा होती, यजमान आपणच. ती स्पर्धा इराकने जिंकली, फायनलला इराणलाच पेनल्टीवर हरवून.

आणि रविवारी कोचच्या जागी कोण उभा होता? बिबियानो फर्नांडिस. आपला गोंयकार, म्हणजे गोव्याचाच. याच माणसाने 2018 साली मलेशियात आपला अंडर-16 संघ क्वार्टर फायनलपर्यंत नेला होता. तिथे कोरियाकडून 0-1 ने हरलो. एक मॅच जिंकलो असतो तर 2019 च्या वर्ल्डकपला आपण स्वतःच्या पायांनी चालत गेलो असतो. त्या पराभवाची आठवणसुद्धा आज कुणाला नाही, आणि 2017 चा अंडर-17 वर्ल्डकप मात्र सगळ्यांना तोंडपाठ. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

2017 ला आपण वर्ल्डकपमध्ये होतो ते यजमान म्हणून. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. त्या कोलंबियाच्या मॅचबद्दल मी तासभर बोलू शकतो. राहुलचा फटका खांबाला लागून परत आला. मग 82 व्या मिनिटाला संजीव स्टालिनचा कॉर्नर, जीक्सन सिंगचं डोकं, आणि वर्ल्डकपमधला भारताचा पहिलावहिला गोल. आमच्या घरात आरडाओरडा चालू असतानाच कोलंबियाने सेंटर करून पुढच्याच मिनिटाला दुसरा गोल ठोकला. आतल्या खोलीतून आजोबा विचारतायत, "कोण जिखलो (जिंकलं)?" आणि उत्तर द्यायला कुणाचं तोंड उघडेना. आपल्या पोरांना दमाने खेळता येत नव्हतं असं नाही. पण गोल घातल्यावरचं ते एक मिनिट कसं खेळायचं, हे शिकायला तशा मॅचेस आधी खेळाव्या लागतात. शिबिरात ते येत नाही.

2022 ला मुलींचा अंडर-17 वर्ल्डकप. परत यजमान. भुवनेश्वरला अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. सोळा गोल खाल्ले, एकही घातला नाही. कॅप्टन आस्तम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. मॅच बघता यावी म्हणून सरकारने तिच्या घरी टीव्ही बसवला आणि घरापर्यंत रस्ता करायला घेतला, तर त्या रस्त्याच्या कामावर मजुरी करायला तिचे आईवडीलच, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. वाचून मला त्या पोरीचं कौतुक करावं की आपली लाज वाटून घ्यावी, कळेना. अशा घरातून उठून ती इथवर पोचली आणि आपण तिला अमेरिकेसमोर उभी केली, जिथे पोरी पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून दर आठवड्याला मॅच खेळतात.

आता फातोर्डा. माझ्यावर कुणी असा आळ घेऊ नये की याला स्टेडियममधली मजाच कळत नाही. 2017 ला इराणने जर्मनीला 4-0 ने चिरडलं ते मी फातोर्ड्याला याचि डोळा पाहिलंय. इंग्लंडच्या ब्रूस्टरची अमेरिकेविरुद्धची हॅट्ट्रिक पाहिलीय आणि त्याच मॅचला फिल फोडन नावाचा, पुढे मोठा स्टार झालेला, एक किरकोळ पोरगा बॉल पायाला चिकटवल्यासारखा फिरत होता. 2022 ला टांझानियाच्या मुलींनी पहिल्याच वर्ल्डकपात फ्रान्सला 2-1 ने हरवलं तेही तिथेच. आधीच्या मॅचला जपानकडून चार गोल खाऊन आलेल्या पोरी! शिट्टी झाल्यावर त्या अशा नाचल्या की स्टँडमधले आमचे गंभीर काकालोकसुद्धा उठून उभे राहिले. 1989 च्या नेहरू कपासाठी उभं राहिलेलं ते स्टेडियम आजही बसायला छान आहे. गोव्यात वर्ल्डकप बघण्यासारखं सुख नाही, मान्य.

पण प्रश्न बघण्याचा नाहीच. 2017 चा भारतीय संघ वर्ल्डकपआधी दीर्घकाळ गोव्यातच मुक्कामाला होता, इथल्या मैदानांवर सराव करत होता. 21 जणांच्या त्या यादीत गोव्याचा एकही पोरगा नव्हता. एकही नाही! मणिपूरचे आठ. 2011 च्या जनगणनेत मणिपूरची लोकसंख्या आपल्या साधारण दुप्पट, म्हणजे त्या हिशेबाने आपले चार तरी हवे होते. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्याच्यावर आम्ही मराठी लोकांनी समाधान मानून घेतलं. ज्या भूमीने ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रूनो कुतिन्हो, महेश गवळी असे फुटबॉलपटू दिले, तिथे आपण पाहुण्यांना मैदान दिलं, हॉटेलं दिली, टाळ्या दिल्या.

असं का झालं, यावर ग्रुपवर ठरलेली उत्तरं आहेत. पोरं मोबाईलवर असतात, आईबापांना डॉक्टर-इंजिनिअर हवेत, फुटबॉल हा दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा खेळ आणि आमच्या डिचोली-सत्तरीत क्रिकेटच चालतं. यातलं शेवटचं तर मला ऐकवतच नाही. संध्याकाळी मी गावातल्या मुलांना खेळवतो, त्यातली निम्मी पोरं सत्तरीतल्या वाळपईच्या बाजूची आहेत आणि पोफळीचे खांब पुरून केलेल्या गोलवर अशी काही तुटून पडतात की बघत राहावं. आवड भरपूर आहे. कमी आहेत त्या मॅचेस.

आपलं गावठी फुटबॉल बघा. सगळं टुर्नामेंटवर चालतं. चर्चच्या फेस्ताची टुर्नामेंट, जत्रेची टुर्नामेंट, कुणाच्या तरी स्मरणार्थ, कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त. सगळ्या नॉकआउट. सोळा संघ आले की पहिल्याच फेरीत आठ घरी जातात. म्हणजे निम्म्या पोरांची टुर्नामेंट एका मॅचमध्ये आटोपली. पुढची टुर्नामेंट दोन महिन्यांनी, तिथे परत तेच. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मॅचेस खेळून बारा-तेरा वर्षांचं पोर काय शिकणार? आणि बक्षिसाची रक्कम मोठी म्हणून मॅनेजर लोक बॉल पुढे टाका, उंच मारा, जिंका एवढंच सांगतात. पास चुकला की बाहेरून शिव्या.

वयाचा घोळही यातूनच येतो. मध्यंतरी एका अंडर-15 टुर्नामेंटला समोरच्या संघाचा स्ट्रायकर स्वतः मोटरसायकल चालवत आला. मागे बायको बसलेली नव्हती, एवढंच. दाखला मात्र चोख! फिफा 2009 पासून अंडर-17 वर्ल्डकपला मुलांच्या मनगटाचा एमआरआय काढते. तिथल्या हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती पुरती सांधली गेलेली दिसली तर पोरगा सतराच्या आतला असण्याची शक्यता फार कमी. आपण गावात एमआरआय कुठून आणणार? पण एका रविवारच्या मॅचवर सगळं अवलंबून नसेल तर मोटरसायकलवाल्याला आणायची गरजच निम्मी कमी होते. चौदा मॅचेसच्या लीगमध्ये एक हरलो तर हरलो, पुढच्या वेळी बघू.

आणि शेवटी वर्ल्डकप तरी काय? मोठी टुर्नामेंटच. तीन मॅच हरलात की घरी. आपण 2017 ला आणि 2022 ला नेमकं तेच केलं, फक्त मांडव जरा मोठा होता.

मांडवावरून आठवलं. आमचं मैदान नोव्हेंबर लागला की कधी आमचं नसतं. लग्न, सभा, नाटकं, एकदा तर गाड्यांचं प्रदर्शन. कुणी आलं की मांडवाचे खांब पुरतात आणि गेले की खड्डे तसेच. आम्ही सरावाआधी पोरांना घेऊन घमेल्याने माती टाकत बसतो, तरी वर हिरवळ आणि खाली पोकळ असा एखादा राहतोच. आमच्या सगळ्यात चपळ पोराचा घोटा अशाच एका खड्ड्यात मुरगळला, सबंध सीझन गेला. वर्ल्डकपच्या गवताला रोज पाणी मिळतं, हे त्याला सांगून उपयोग काय?

कुणी म्हणेल, 2017 च्या संघातून जीक्सन, सुरेश, अपुइया, अन्वर अली असे सीनियर संघापर्यंत गेले, हे यजमानपदाचंच फळ नव्हे का? अर्धवट खरं. वर्ल्डकपच्या तीन मॅचेसनी ते घडले नाहीत. वर्ल्डकप संपल्यावर त्या पोरांचा इंडियन अ‍ॅरोज नावाचा संघ करून आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवला, मोठ्या क्लबांसमोर आठवड्यामागून आठवडा खेळवला, तिथे ती तयार झाली. मार खाल्ला, उठली, परत खेळली. नंतर 2022 मध्ये तो संघच बंद केला. वर्ल्डकपचे फोटो अजून फिरतायत, अ‍ॅरोजबद्दल हळहळलेला माणूस मला शोधून दाखवा.

इंग्लंडचं उदाहरण तर त्याच स्पर्धेतलं. 2017 ची फायनल कोलकात्याला, स्पेनने दोन गोल मारलेले, तिथून इंग्लंडने 5-2 ने जिंकली. लोक म्हणाले जादू. जादू कसली? त्यांनी 2012 ला क्लबांच्या अकादम्यांची घडी मुळातून बदलली, कोचिंगचे तास वाढवले, वयोगटांच्या मॅचेसचं वेळापत्रक बांधलं. पाच वर्षांनी एकाच वर्षात अंडर-20 आणि अंडर-17 असे दोन्ही वर्ल्डकप घरी नेले. एक कोरियात जिंकला, एक भारतात. यजमान होण्याची गरज पडली नाही.

आता तर यजमानपदाचा मुद्दाच निकालात निघालाय. 2025 पासून 2029 पर्यंत मुलांचा अंडर-17 वर्ल्डकप दर वर्षी होणार, कतारमध्येच, 48 संघांचा. 2025 चा पोर्तुगालने ऑस्ट्रियाला 1-0 हरवून जिंकला, आपल्या इराणच्या मॅचच्या तीनच दिवस आधी. म्हणजे फातोर्ड्याला आणा म्हणून कितीही ओरडलात तरी मुलांचा तो वर्ल्डकप इतक्यात येत नाही. पण दार मात्र कधी नव्हे इतकं उघडं आहे. 2026 मध्ये सौदीत आशियाचे सोळा संघ खेळणार, त्यात शेवटच्या आठांत पोचलं की कतारचं तिकीट. बिबियानोच्या पोरांना ते जमेल की नाही देव जाणे, गट अवघड येऊ शकतो. पण पात्रता कमावलेली आहे.

गोव्यातल्या मोठ्या क्लबांनी 2016 ला आय-लीग सोडली तेव्हा इथल्या पोरांसमोरची शिडीच अर्धी मोडली. खाणी बंद पडल्यावर खाणवाल्यांच्या क्लबांचा हात आखडला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती वरची अर्धी शिडी तुम्ही-आम्ही बांधू शकत नाही. खालच्या दोन पायऱ्या बांधू शकतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे, धारबांदोडा या पट्ट्यात अंडर-13 ची लीग करूया. आठ गाव, होम आणि अवे, प्रत्येक संघाला चौदा मॅचेस, एकूण छप्पन. चतुर्थी उरकली की सुरू करायची आणि परीक्षांच्या आधी संपवायची, म्हणजे पंधरवड्याला एकच्या आसपास मॅच पडते. नऊ-नऊ जणांचे संघ, लहान मैदान, लहान गोल, बॉल चार नंबरचा. रोख बक्षीस शून्य. रेफरी म्हणून आपलीच सतरा-अठरा वर्षांची पोरं, त्यांना प्रवासखर्च आणि शिट्टी. मुलींना वेगळी लीग होईपर्यंत मुलांच्याच संघात खेळवा, या वयात काही बिघडत नाही. खर्च मुख्यतः टेम्पोचा आणि केळ्यांचा. स्मरणार्थ टुर्नामेंट करणाऱ्यांनी ट्रॉफी आणि डीजेचे पैसे इकडे वळवले, तर पहिलं वर्ष निभावून जाईल. मैदानाचं पंचायतीशी आधीच बोलून ठेवायचं, मांडववाल्यांकडून खड्डे बुजवायचं लेखी घ्यायचं.

डिचोलीतल्या साखळी गावाच्या बाजूचे दोन गाव तयार आहेत, वाळपईतून एकाने हो म्हटलंय, पेडण्यातून अजून कुणी नाही. टेम्पोवाल्याशी मी बोललोय, डिझेलचे पैसे घेऊन येतो म्हणाला, दर शनिवारी दुपारी तीननंतर.